अंगणातला फौजी ट्रक: वाचक विचारतात

मागच्या अंकात मी आमच्या मखमलाबादच्या शेडमधल्या निसान वन-टनबद्दल, म्हणजे फौजेच्या जुन्या एक टनी ट्रकबद्दल, थोडं लिहिलं होतं, की चार वर्षांच्या खटपटीनंतर ती एकदाची स्वतःच्या ताकदीवर शेडच्या बाहेर आली. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक नाशिक आणि आसपासचीच. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतलेत. मी इंजिनिअर नाही, सातपूरला टूलरूममध्ये नोकरी केली, त्यामुळे हाताने जे केलंय तेवढंच सांगतो.

दादा, आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे शक्तिमान ट्रक उभा आहे. द्यायला तयार आहे. घरासमोर मोकळा प्लॉट आहे. घ्यावा का आणि सुरुवात कुठून करायची?
(पाथर्डी फाटा)

घ्या, पण आधी कागद बघा आणि मगच ट्रकभोवती फिरा. उलटं केलं की जीव ट्रकमध्ये अडकतो आणि कागदाचं "बघू नंतर" होतं, आणि ते नंतर कधी येत नाही. फौजेची गाडी नोकरीत असते तेव्हा तिचा नंबर फौजेचा स्वतःचा असतो, आरटीओचा नाही. लिलावात निघाली की घेणाऱ्याला विक्रीचं पत्र आणि रिलीज ऑर्डर मिळते, त्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर असतात आणि पुढे त्याच कागदावर पासिंग होतं. काही गाड्या मात्र लिलावातच भंगार म्हणून विकलेल्या असतात, त्या रस्त्यासाठी नसतातच. म्हणून भंगारवाल्याला विचारा की लिलावात मूळ घेणारा कोण, त्याच्याकडून तुमच्यापर्यंत ती कोणाकोणाकडून आली, आणि प्रत्येक व्यवहाराचा कागद आहे का. मग चासीवर ठोकलेला नंबर वायर ब्रशने साफ करून कागदाशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी थांबा.

साल कळायला सोपी खूण आहे. बंपरवर किंवा फाळक्यावर जुना फौजी नंबर पुसट दिसत असेल तर वर टोक केलेल्या बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या 'मॅन' कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला १९५९ पासून बनत आलेला ट्रक, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, चारही चाकं ओढणारी. नव्वदच्या दशकापर्यंत बनत होता, म्हणजे तुमच्या समोरचा ट्रक साठ वर्षांचाही असू शकतो आणि तीस वर्षांचाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हायला लागतात. त्या नियमांत नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये आहे, मुदत १० वर्षं, पुन्हा करायला ५ हजार, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, आणि गाडी रोज फिरवायला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोलपंप, दुरुस्ती एवढ्यासाठीच. नियमाची भाषा खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकीची आहे, तेव्हा ट्रकसाठी अर्ज करायच्या आधी आरटीओत लेखी विचारून लेखी उत्तर घ्या, काउंटरवरच्या तोंडी होकारावर पैसे ओतू नका.

कागद बरे निघाले तर हातोडी आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर हलकं ठोकत जा. धड लोखंड ठण्ण वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं, कान पटकन तयार होतो. कमानपाट्यांचे हँगर, बॅटरी बॉक्सच्या खालचा भाग आणि लाकडी हौद्याच्या खाली जिथे पाणी साचून राहतं तिथे जास्त वेळ द्या. इंजिन जाम असणं, काच नसणं, सीट फाटलेली असणं याने घाबरू नका, त्या सगळ्याला उपाय आहे, पण चासी सडलेली असेल तर नमस्कार करून परत या.

प्लॉट काळ्या मातीचा आहे का ते लिहिलं नाही तुम्ही. असेल तर आधी काँक्रीटचा कोबा करून घ्या, निदान चाकांखाली आणि जॅक लागणार तिथे तरी. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक सरळ आत जातो, काही टनांची गाडी एका बाजूला झुकली की माणसाला बाहेर यायला वेळ मिळत नाही. खाली शिरायचं तर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) किंवा रेल्वे स्लीपरसारख्या जाड लाकडांवर टेकवलेली पाहिजे, विटांवर कधीच नाही, वीट काही न सांगता फुटते. जागासुद्धा दुप्पट धरा, सुटा केलेला ट्रक उभ्या ट्रकपेक्षा किती तरी मोठा असतो. आणि जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात साठवून रिसायकलवाल्याला द्या, इथलं गटार शेवटी गोदावरीलाच मिळतं.

खोलायला लागलात की एक सवय लावून घ्या. आमच्या शेजारी ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, रिटायर झालेले एक फिटरकाका आहेत, पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोल्ट डब्यात टाकताना बघितलं आणि डबा उलटा करून सगळे बाहेर काढायला लावले. त्यांची पद्धत अशी की एका भागाचे बोल्ट सोडले त्याच क्रमाने तारेत ओवायचे, वायसर नट सकट, आणि तारेला ॲल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा बांधून त्यावर खिळ्याने नाव कोरायचं. कागदाची चिठ्ठी डिझेलने पुसली जाते, कोरलेलं राहतं. तीन वर्षांनी मी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) परत बसवायला घेतली तेव्हा एकही बोल्ट शोधावा लागला नाही. विमानावर काम केलेली माणसं आपल्या नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत, जाऊन विचारा, आनंदाने येतात.

ऑलिव्ह ग्रीन कलरचा नेमका शेड कुठे मिक्स करून मिळेल? मला गाडी आधी रंगवून घ्यायची आहे म्हणजे घरच्यांचा विरोध कमी होईल.
(इंदिरानगर)

रस्त्यावर न्यायची असेल तर तो रंग देताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ स्पष्ट सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणतीच गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायची नाही. तसाच बाणवाला नंबर किंवा युनिटची चिन्हं लावून रस्त्यावर फिरणं हेही करू नका, त्यात फौजेचा मान पण आहे आणि सुरक्षेचा प्रश्न पण आहे. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे, रंग शेवटी. घरच्यांना चकचकीत ट्रक दाखवायचाय हे समजतं मला, पण रंगाखाली त्या गाडीचं आयुष्य असतं आणि एकदा घासलं की गेलं. मी स्वतः ते नुकसान केलंय. माझ्या निसानचा डावा दरवाजा मी पहिल्याच आठवड्यात ग्राइंडरला ब्रश लावून लोखंडापर्यंत घासला, आणि मग उजवा दरवाजा सावकाश करताना वरच्या हिरव्याखाली वाळूचा रंग निघाला, त्याखाली परत हिरवा, आणि त्या खालच्या हिरव्यावर पांढऱ्या स्टेन्सिलची अर्धी ओळ, काही अक्षरं आणि आकडे. उरलेली अर्धी ओळ डाव्या दरवाज्यावर असणार. ती आता कुठेच नाही. आजही त्या दरवाज्याकडे बघितलं की वाईट वाटतं.

म्हणून आधी नाण्याएवढी जागा निवडा, हजार नंबरचा वॉटरपेपर पाण्यात बुडवून गोल गोल घासा, कडा उतरती ठेवा. कांद्याच्या चकत्या दिसाव्यात तशी रंगांची वलयं दिसतात, त्यांचा उन्हात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. दरवाजे, बोनेट, फाळका, डॅशबोर्ड अशा आठ-दहा जागा करा. घासणं नेहमी ओलंच करा, जुन्या रंगात शिसं असतं आणि कोरडी धूळ फुफ्फुसात जाते, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा. युद्धकाळातली परदेशी गाडी असेल तर मीटरचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावलेला असू शकतो, ते मीटर उघडू नका, काच फुटली असेल तर पिशवीत बांधून बाजूला ठेवा.

वडिलांनी लिलावातून घेतलेली जोंगा (फौजेची जुनी जीप) आमच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमागे १८ वर्षं उभी आहे. इंजिन फिरत नाही. एक मेकॅनिक म्हणाला ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकू, सुटेल. करू का?
(पिंपळगाव बसवंत)

अजिबात नको. कृपया नको. जाम इंजिन ओढून सोडवायला गेलं की रिंगा तुटतात, पिस्टनची कड जाते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे इंजिन पंधरवडाभर धीर धरून सुटलं असतं त्याला बोअरिंगला पाठवायची वेळ येते. जोंगाचं आणि निसान वन-टनचं इंजिन एकाच घरातलं, सहा सिलिंडरचं, सुमारे चार लिटरचं पेट्रोल, त्यामुळे हे मी जवळून केलंय.

आधी सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट अगदी हळू ढिला करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, आधी तेच ठिबकेल. माझ्यात जवळजवळ वाटीभर निघालं होतं आणि मागून दुधाळ ऑइल. पाणी निघालं तर ते कुठून आलं ते शोधायचंय हे लिहून ठेवा, हेड गास्केट असेल किंवा नुसतं कार्ब्युरेटर उघडं राहून पाऊस गेला असेल. मग सगळे प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑटो गिअरबॉक्सचं लाल ऑइल अर्धं अर्धं मिसळून छोट्या कपाने ओता, प्लगच्या जागी चिंध्यांचे बोळे लावा आणि आठवडाभर गाडीकडे जाऊ नका. जाऊन रोज हात लावायची इच्छा होते, मला माहितीये, पण थांबा. आठवड्याने क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून आधी मागे, मग पुढे, केसभर हललं तरी पुरे. परत ओता, परत चार दिवस. हललं की जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. माझं अकराव्या दिवशी सुटलं, आवाज काहीच झाला नाही, नुसता पाना हातात थोडा पुढे सरकला आणि मी तिथेच खाली बसलो.

फिरायला लागलं म्हणून लगेच सेल्फ मारू नका. बोळे काढून भोकांवर कापड टाका आणि हाताने चार-पाच फेऱ्या द्या, सगळं ओतलेलं बाहेर उडतं. व्हॉल्व्ह अडकलेत का ते बघायला टॅपेट कव्हर काढून एकेक रॉकर हलताना बघा, अडकलेला व्हॉल्व्ह असेल तर पुश रॉड वाकतो. नवीन ऑइल, नवीन फिल्टर, मग प्लग न लावता सेल्फवर फिरवून ऑइल प्रेशरचा काटा उचलतोय का ते बघायचं. डेलकोचं (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण उघडून पॉइंट बारीक पेपरने साफ करा, गॅप गेजने लावा, कंडेन्सर नवा टाका, एवढ्यात स्पार्क नाही आला तर मगच कॉइलवर संशय घ्या.

पेट्रोलची टाकी पहिल्या दिवशी जोडूच नका. अठरा वर्षांचं पेट्रोल लाखेसारखं घट्ट झालेलं असतं, ते कार्ब्युरेटरमध्ये गेलं की परत सगळं खोलायला लागतं. स्वच्छ कॅन सुरक्षित उंचीवर ठेवून नळीने द्या, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर हवाच. टाकी काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने धुवा, दहा लिटरला अर्धा किलो, रात्रभर ठेवून मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने खळखळून, उन्हात वाळवून. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग कधीच करू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. आणि ॲसिडच्या पाण्यात कमानपाटे किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा टाकू नका, कडक स्टील आतून ठिसूळ होतं.

आणखी एक, पॅकहाउसमागे म्हणालात म्हणून विचारतो, त्या शेडमध्ये मोरचूद आणि गंधक ठेवता का? असेल तर गाडी किंवा पोती, एक काहीतरी आजच हलवा. मोरचूद ओल्या लोखंडावर बसलं की तांबं सुटून लोखंडाला चिकटतं आणि त्या जागी लोखंड झपाट्याने खाल्लं जातं, गंधक ओलाव्यात वायरिंगची तांब्याची टोकं काळी करतं. द्राक्षपट्ट्यातल्या शेडमधल्या गाड्यांवर हिरवट पांढरा थर दिसतो तो यामुळेही असू शकतो, लोक त्याला नुसता गंज समजतात.

ब्रेक विसरू नका. चालू झाली या आनंदात लोक लगेच बांधावर चक्कर मारतात, आणि अठरा वर्षं पडून असलेल्या मास्टर सिलिंडरचा रबर पहिल्याच दाबाला फाटतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतात. सातपूर-अंबडच्या लेथवाल्यांकडून पितळेची स्लीव्ह घालून मूळ साइझ करून घेता येते, रबर किट नवं टाका, सगळे पाइप नवे. ब्रेक लायनर जुने असतील तर ॲस्बेस्टॉस असणार, ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका, पाण्याने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आधी ती गाडी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे.

टायरवाला म्हणतो हा रिम मी भरणार नाही, दुसरीकडे जा. असं का?
(आडगाव नाका)

कारण त्याने काहीतरी बघितलेलं असणार. जुन्या ट्रकचे रिम दोन तुकड्यांचे असतात, कडेला लॉकिंग रिंग. रिंग गंजलेली असेल किंवा खाचेत नीट बसली नसेल तर हवा भरताना ती उडते आणि समोरच्या माणसाचा जीव जातो, अशी उदाहरणं आहेत म्हणूनच लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरतात. त्या टायरवाल्यावर चिडू नका. ट्रकचं काम करणारा, पिंजरा असलेला माणूस शोधा, ट्रक टर्मिनलकडे विचारा. रिंग वाकलेली किंवा चीर असलेली असेल तर सरळ करून, वेल्ड मारून वापरू नका, बदला. आणि बोल्टांच्या दोन ओळी असलेला रिम असेल तर रिमचे दोन भाग एकमेकांना जोडणारी ओळ, बहुतेक बाहेरची, हवा असताना कधी सोडू नका, चाक काढायचे नट वेगळे असतात.

पेट्रोल भरल्यावर महिन्याभरात सगळे पाइप मऊ पडले, पंप गळायला लागला. पेट्रोलमध्ये भेसळ असेल का?
(सिन्नर)

भेसळ असेलच असं नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तुमच्या गाडीचं रबर त्या काळचं नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पंपाचा पडदा मऊ करतं, कॉर्कचा फ्लोट असेल तर तोही जातो, आणि हवेतलं पाणी ओढून टाकीच्या तळाला थर करतं. सगळे पाइप इथेनॉल चालणारे घ्या, दुकानात व्हायटॉन म्हणून मागा, पंपाचं किटही त्याच रबराचं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. बाकी बेअरिंग आणि ऑइल सील मिळत नाहीत असं लिहिलंय तुम्ही, तर "जोंगाचं सील द्या" असं मागू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो तो सांगा, सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून सांगा, इंडस्ट्रियल दुकानात तिथल्या तिथे मिळतं. गाडीचं नाव सांगितलं की नाही म्हणतात आणि माप सांगितलं की काढून देतात.

सर, माझे वडील तोफखान्यात ड्रायव्हर होते, देवळालीला बरीच वर्षं होते. आता ८१ वर्षांचे आहेत. भावाने आणि मी मिळून शक्तिमान घेतलाय, कागद ठीक आहेत. भाऊ म्हणतो आजच्या ट्रकचं नवं इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग टाकू म्हणजे त्रास नाही. मला तसं नको वाटतंय, पण मला यातलं कळत नाही. तुम्ही काय सांगाल?
(देवळाली कॅम्प)

ताई, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर वाटतंय. भावाचं म्हणणं सोयीचं आहे, पण व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, चासी, बॉडी आणि इंजिन यांच्यात मोठा बदल केला की ती त्यात बसत नाही. हे झालं कायद्याचं. दुसरं म्हणजे त्या इंजिनाचा आवाज. 'मॅन'च्या त्या इंजिनात डिझेल पिस्टनच्या गोल खळगीच्या भिंतीवर पसरवून जाळतात, म्हणून ते इतर जुन्या डिझेलसारखं कडाकडा वाजत नाही. वडिलांच्या कानात तो आवाज असणार. पंप आणि नोझल खोलून चांगल्या डिझेल पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून आणा, घरी त्या पंपाला पाना लावू नका, बाकीचं इंजिन मजबूत आहे, वेळ लागेल पण होईल. भावाला सांगा की त्याची मेहनत वायरिंगवर लावू दे, सगळं २४ व्होल्टचं आहे, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि जुन्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या असणारच, ते काम मोठं आणि खूप नीट करायचं आहे.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा, आणि ते या रविवारीच करा. ट्रक आहे तसा राहू दे, धूळ पण पुसू नका. पायरीशी पक्कं स्टूल ठेवा, दोघांनी धरून वडिलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्या शेजारी बसा. काही विचारायची घाई करू नका. हात आपोआप गिअरच्या दांडीवर जाईल. जुन्या गिअरबॉक्सला क्लच दोनदा मारावा लागायचा, एकदा न्यूट्रलला येताना, मग क्लच सोडून, खालचा गिअर टाकायचा असेल तर, ॲक्सिलरेटरला हलका पाय द्यायचा आणि परत क्लच दाबून गिअर, हे कागदावर वाचून कोणाला येत नाही, त्यांच्या पायाला अजून येत असेल. मागे तोफ जोडलेली असताना घाटात कुठला गिअर धरायचे, चिखलात पुढची चाकं कधी जोडायचे, रात्री लाइट बंद ठेवून कसं चालवायचे, थंडीत कसं चालू करायचे. डॅशबोर्डवरच्या पाट्या पुसल्या असतील तर कुठला खटका कशाचा ते त्यांनाच विचारा आणि त्यांच्यासमोर चिकटपट्टीवर लिहून तिथल्या तिथे लावा. आमच्या निसानच्या डॅशवर दोन खटके असे आहेत की ते कशाचे ते सांगणारं कोणी भेटलं नाही, वायरी कापलेल्या आहेत, मी ते तसेच ठेवलेत.

चाकं, पंप, ब्रेक यासाठी हवं तेव्हा परत लिहा. रेकॉर्डिंग झालं की मात्र नक्की कळवा, आणि वडिलांची हरकत नसेल तर मला एकदा येऊन त्यांच्याकडून ते डबल क्लच शिकायचंय, माझी निसान अजून तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना करकरते.